झोपेत चालता? स्वतःच्या रात्री मोजायच्या कशा, वही-कॅमेऱ्यापासून डॉक्टरपर्यंत

झोपेत चालणाऱ्या माणसाची मोठी अडचण ही असते की आपल्या रात्रीबद्दल घरात सगळ्यात कमी माहिती आपल्यालाच असते. सकाळी तळपायाला माती, कपाट सताड उघडं, चष्मा देव्हाऱ्यात, आणि घरचे सांगतात काल परत उठली होतीस. किती वाजता उठले, किती वेळ फिरले, मागच्या महिन्यापेक्षा वाढलंय की कमी झालंय, धड काहीच सांगता येत नाही, आणि मग डॉक्टरांसमोर बसलं की "होतं अधूनमधून" एवढंच तोंडातून निघतं. एवढ्यावर कुठलाही डॉक्टर फार पुढे जाऊ शकत नाही.

मी लहानपणी चालायचे, मधली काही वर्षं थांबलं होतं, आणि नोकरीत रात्रपाळी सुरू झाल्यावर परत आलं. तेव्हापासून हळूहळू जी पद्धत बसत गेली ती इथे सविस्तर लिहितेय, कारण नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे सगळं एका जागी मिळत नाही. उपचार डॉक्टरच ठरवतील, हा लेख फक्त मोजण्याबद्दल आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हे चालणं स्वप्नातलं नसतं, ते सगळ्यात गाढ झोपेतून अर्धवट उठल्यामुळे होतं. ही गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, म्हणून बहुतेक वेळा प्रकार घडतो तो झोप लागल्यापासून एक ते तीन तासांत. २००० साली स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या डॉक्टरांनी एका मुलाच्या मेंदूचा स्कॅन तो झोपेत चालत असतानाचा मिळवला होता, त्यात मेंदूचे काही भाग जागे झालेले आणि विचार-निर्णयाचा पुढचा भाग मात्र झोपलेलाच दिसला. म्हणून डोळे उघडे असतात, पाय चालतात, प्रश्नाला उत्तरही मिळतं, पण सकाळी आठवत काही नाही किंवा तुटक तुटक आठवतं. तेव्हा स्वतःच्या आठवणीवर हिशोब ठेवायचा नाही, बाहेरचा पुरावा लागतो.

१. मोजण्याआधी घर सुरक्षित करा

हे आधी, कॅमेऱ्याची ऑर्डर नंतर. रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून पडायचं थांबत नाही.

- बाल्कनीच्या दाराला वरच्या बाजूला जादा कडी, गच्चीच्या दाराला कुलूप. ग्रिल नसेल तर त्या खोलीत झोपू नका.
- गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद, सुऱ्या-विळी ड्रॉवरमध्ये.
- गाडीच्या, मुख्य दाराच्या किल्ल्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे. एकटे राहत असाल तर नेहमीची जागा सोडून कुठेतरी ठेवा.
- वरच्या बंकवर, माळ्यावर, कठडा नसलेल्या गच्चीवर झोपायचं नाही. गावाला उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात तेव्हा आपण खाली, त्यात लाजायचं काही नाही.
- पलंग ते दार हा रस्ता मोकळा, चार्जरच्या वायरी, स्टूल, बादली काही नको.

दोन गोष्टी बरेच लोक करतात आणि त्या धोक्याच्या आहेत. पायाला दोरी बांधून झोपणं, आणि बाहेरून कडी लावून खोलीत कोंडून घेणं. दोरीने पडून जास्त लागतं, आणि कोंडलेल्या खोलीत शॉर्टसर्किट झालं तर सुटका नाही.

२. वही सुरू करा, आणि रिकाम्या रात्रीही लिहा

साधी वही चालते, फोनमधली एक्सेल शीट चालते. मी वहीच वापरते कारण उशाशी ठेवता येते आणि सकाळी फोन हातात घेतला की लक्ष दुसरीकडे जातं. रकाने असे:

तारीख, कुठे झोपले, किती वाजता दिवा बंद, किती वाजता उठले, आदल्या रात्री किती तास झोप झाली होती, ताप-सर्दी, दारू घेतली का, कुठलं औषध घेतलं, दिवस कसा गेला (शांत, ठीक, ताणाचा), रात्री बाथरूमला उठल्याचं आठवतं का, सकाळी काय दिसलं, कॅमेरा आणि घड्याळ काय म्हणतं, आणि शेवटी निकाल.

तारखेचा घोळ सगळ्यांचा होतो. प्रकार घडतो रात्री एक वाजता म्हणजे तारीख बदललेली असते, मग एकच रात्र दोन ठिकाणी लिहिली जाते. नियम एकच ठेवा, ज्या संध्याकाळी झोपलात तीच तारीख. ५ तारखेला रात्री झोपलात आणि ६ ला पहाटे काही झालं तरी ते ५ च्या ओळीत.

निकालाच्या रकान्यात चारच शब्द ठेवा: नक्की, बहुतेक, काही नाही, माहीत नाही. यातला "माहीत नाही" सगळ्यात महत्त्वाचा आहे. लाइट गेले, कॅमेरा बंद होता, नवरा गावाला, घड्याळाचं चार्जिंग संपलेलं, अशी रात्र "काही नाही" मध्ये टाकली की महिनाअखेरीस आकडा खोटा चांगला दिसतो. मोजताना प्रकार भागिले ज्या रात्री खरंच नजर होती तेवढ्याच रात्री, असा हिशोब करायचा. तीस रात्रींपैकी बावीस रात्री नजर होती आणि तीन प्रकार झाले तर बावीसमध्ये तीन.

नुसत्या घडलेल्या रात्री लिहिल्या तर वही निरुपयोगी आहे हे माझं ठाम मत आहे. चाललेल्या प्रत्येक रात्री ताण होता असं दिसेल, पण न चाललेल्या रात्रीही तेवढाच ताण होता का, हे रिकाम्या रात्री लिहिल्याशिवाय कळणार कसं?

३. बिनखर्चाचे पुरावे

कॅमेरा येईपर्यंत, किंवा घ्यायचाच नसेल तर, हे करून बघा.

खोलीच्या दाराच्या कडीपासून शेजारच्या खिळ्यापर्यंत शिवणाचा साधा दोरा बांधा, छातीच्या उंचीवर, पायाशी अजिबात नको नाहीतर अडखळाल. सकाळी तुटला असेल तर दार उघडलं गेलंय. बाथरूमला जाताना तुटला तर तुम्हाला आठवेल, तसं लिहा. उंबऱ्यात रांगोळीची बारीक रेघ हाही जुना उपाय आहे, पण टाइल्सवर ती पसरली की पाय घसरतो म्हणून मी दोराच सांगेन.

कडीला घुंगरू बांधलं तर घरच्यांना कळतं. पण आवाजाबद्दल एक इशारा, जो जवळपास कोणी देत नाही. ज्यांना हा त्रास आहे त्यांना गाढ झोपेत मोठा आवाज ऐकवला तर त्यानेच प्रकार सुरू होऊ शकतो, प्रयोगशाळेत मुद्दाम असं करून बघितलेलं आहे. म्हणून दार उघडल्यावर तुमच्या डोक्याशी कर्कश अलार्म वाजेल अशी व्यवस्था करू नका, आवाज किंवा व्हायब्रेशन दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या फोनवर.

४. कॅमेरा

अंधारात दिसणारा साधा वायफाय कॅमेरा पुरतो, महागडा लागत नाही. सोबत मेमरी कार्ड घ्या. आता अडचणी कुठे येतात ते:

जागा: पलंगाची कड आणि दार दोन्ही एका फ्रेममध्ये आले पाहिजेत. कपाटावर ठेवून खाली तिरका केला की बहुतेक खोल्यांत जमतं. नुसता चेहरा दिसणारा कॅमेरा उपयोगाचा नाही.

मच्छरदाणी: आपल्याकडे ही खरी अडचण. कॅमेऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश जाळीवर आपटून परत येतो आणि सगळं पांढरं धुकं दिसतं. कॅमेरा जाळीच्या अगदी समोर नको, बाजूने लावा म्हणजे निदान तुम्ही जाळीबाहेर आल्यावर स्पष्ट दिसाल.

पंखा आणि पडदा: हालचाल दिसली की रेकॉर्ड कर, अशी सेटिंग ठेवली तर फुल स्पीडच्या पंख्याने पडदा हलून रात्रभर शेकडो क्लिप तयार होतात आणि तिसऱ्या दिवशी माणूस बघणंच सोडतो. अॅपमध्ये ठरावीक भाग निवडायची सोय असते, त्यात फक्त पलंगाची कड आणि दार निवडा.

वायफाय: बरेच स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर ५ वाल्याला जोडायला जाऊ नका, तासभर डोकं खाऊन जोडणी होत नाही आणि कॅमेरा खराब आहे असं वाटतं.

वेळ: लाइट जाऊन आले की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ चुकतं. आठवड्यातून एकदा फोनशी ताडून बघा, नाहीतर घड्याळातली पावलं एक वाजताची आणि कॅमेऱ्यातली चाल साडेसहाची असं काहीतरी निघेल.

कार्ड: भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं. कामाची क्लिप त्याच सकाळी फोनमध्ये घ्या.

खाजगीपणा: बेडरूममधला कॅमेरा आहे, पहिला पासवर्ड बदला, शक्यतो कार्डवरच रेकॉर्ड करा. पीजीत किंवा फ्लॅटमेटसोबत राहत असाल तर त्यांना स्पष्ट विचारून, आणि कॉमन हॉलमध्ये त्यांच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. आणि क्लिप फॅमिली ग्रुपवर टाकू नका, कोणी कितीही मागितली तरी.

सुरुवातीच्या काही रात्री कॅमेरा आहे या विचारानेच झोप नेहमीसारखी लागत नाही. त्या रात्री लिहा पण त्यावरून निष्कर्ष काढू नका.

पहिल्यांदा स्वतःला बघणं जड जातं, हेही सांगते. माझ्या एका क्लिपमध्ये मी पावणेएकला उठून कपाटातल्या साड्या एकेक काढून पलंगावर रचतेय, घडी मोडू न देता, नवरा हाक मारतो तर "हो, आलेच" म्हणते आणि त्याच्याकडे बघतही नाही. मग सगळ्यात वरच्या साडीवर हात फिरवून तशीच आडवी होते. आपलाच चेहरा पण त्यावर कोणीच नाही असं दिसतं, छातीत धस्स होतं. शक्य असेल तर पहिली क्लिप दिवसा, घरच्या कोणासोबत बसून बघा. याचा एक फायदाही झाला, सासूबाईंना हे बाहेरचं काहीतरी आहे, कोणाला तरी दाखवू या असं वाटत होतं, त्यांनी क्लिप बघितली आणि डॉक्टरांनी समजावलं तेव्हा तो विषय संपला. अंगारे-धुपारे करण्यात कित्येक घरांत वर्षं जातात आणि घोरण्यासारखं साधं कारण तपासायचं राहून जातं.

५. हातातलं घड्याळ

स्मार्टवॉच किंवा बँडमधून एकच गोष्ट घ्या, तासागणिक पावलं. रात्री बारा ते चारमध्ये पावलं दिसली आणि तुम्हाला उठल्याचं आठवत नाही, तर ती रात्र "बहुतेक", आणि कॅमेऱ्यात दिसलं तर "नक्की". उलट बाजूही लक्षात ठेवा, पलंगाभोवतीची चार-पाच पावलं बरीच घड्याळं मोजतच नाहीत, आणि नुसतं उठून बसलात तर काहीच येणार नाही.

गाढ झोप इतके तास, हलकी झोप इतके तास असे जे रंगीत पट्टे दाखवतात ते मनगटाच्या हालचालीवरून आणि नाडीवरून लावलेला अंदाज आहेत, मेंदूच्या लहरी तिथे कोणी मोजत नाही. त्यावरून "आज गाढ झोप कमी म्हणून चालले नाही" असे हिशोब मांडू नका.

६. प्रकाराला दर्जा द्या

नुसता आकडा पुरत नाही. महिन्यात चारदा उठून बसणं आणि एकदा मुख्य दार उघडून जिन्यापर्यंत जाणं, यात दुसरं जास्त गंभीर. मी असं लिहिते:

१ – पलंगावर उठून बसले, बडबडले
२ – उतरले, खोलीतच फिरले
३ – खोलीबाहेर गेले, वस्तू हाताळल्या
४ – दार, जिना, गॅस, सुरी, किंवा कोणाला लागलं

डॉक्टरांकडे याची रीतसर प्रश्नावलीही असते, पॅरिसच्या झोपतज्ज्ञांनी २०१४ साली बनवलेली, तीत सतरा वागण्यांची यादी, किती वेळा होतं आणि परिणाम काय असे तीन भाग आणि एकूण ५० गुण आहेत. ती घरी स्वतः भरून निदान करत बसू नका, पण वही असेल तर डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं अंदाजाने द्यावी लागत नाहीत.

दर्ज्यासोबत झोप लागल्यापासून किती मिनिटांनी आणि किती वेळ चाललं हे दोन आकडे. यातून पुढे खूप काही निघतं.

७. कशामुळे होतंय ते शोधा, पण घाई नको

सगळ्यात मोठं कारण अपुरी झोप, आणि इथे लोक चुकीच्या रात्रीकडे बघतात. जागरण झालं ती रात्र धोक्याची नसते, त्यानंतरची असते, कारण शरीर राहिलेली गाढ झोप भरून काढायला जातं. कॅनडात माँट्रियलच्या संशोधकांनी २००८ साली झोपेत चालणाऱ्या ४० जणांना २५ तास जागं ठेवून मग झोपवलं. नेहमीच्या रात्री त्यांच्यात मिळून ३२ प्रकार दिसले होते, जागरणानंतर ९२. म्हणून वहीत "आदल्या रात्रीची झोप" हा रकाना आहे. गणपतीची आरास करत पहाट होते, लग्नघरात हळदीची रात्र होते, रात्रभराच्या ट्रॅव्हल्सने पुण्याहून नागपूर गाठतो, आणि दुसऱ्या दिवशी नव्या जागी गाढ झोपतो, तीच ती रात्र. त्या दिवशी सोबतच्या माणसाला सांगूनच झोपा. आणि मोजायला मिळावं म्हणून मुद्दाम जागरण करायचं नाही, ते प्रयोगशाळेचं काम आहे.

बाकीची कारणं: ताप, ताण, दारू, भरलेलं मूत्राशय, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, पाय सतत हलवावेसे वाटणं. आणि औषधं. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांनी झोपेत चालण्याचे, गाडी चालवण्याचेही प्रकार झालेत, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. झोपेची गोळी सुरू झाल्यापासून चालणं सुरू झालं असेल तर महिनाभर मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

आईला, मावशीला, काकांना विचारा. २०१५ साली कॅनडातल्याच एका अभ्यासात आईवडील दोघंही कधीच न चालणारे असतील तर साधारण २२ टक्के मुलं लहानपणी कधीतरी चालली, एकजण चालणारा असेल तर ४७, दोघंही असतील तर ६१ टक्के. आमच्याकडे विचारल्यावर आजोबांचं निघालं, इतकी वर्षं कोणी बोललंच नव्हतं.

आता घाई का नको. समजा तुमची सरासरी महिन्याला दोन प्रकारांची आहे. तुम्ही चहा सोडला आणि पंधरा दिवस शांत गेले. चहामुळेच होतं असं वाटणार, पण काहीही न बदलता नुसत्या योगायोगाने पंधरा दिवस शांत जाण्याची शक्यता शंभरात सदतीसच्या आसपास असते. सलग दीड महिना शांत गेला तर योगायोगाची शक्यता शंभरात पाचवर येते, तेव्हा थोडा विश्वास ठेवा. म्हणून आधी किमान सहा-आठ आठवडे काही न बदलता मोजायचं आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अपवाद फक्त झोपेचा, रोज ठरलेल्या वेळी पुरेशी झोप घेणं पहिल्या दिवसापासून सुरू करा, त्यासाठी आकड्यांची वाट बघू नका.

वेळ ठरावीक निघाली, म्हणजे बहुतेकदा झोपल्यावर सव्वा तासाने वगैरे, तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटं कोणीतरी हलकेच उठवायचं असा एक उपाय आहे. तो मुख्यतः लहान मुलांमध्ये वापरलाय, मोठ्यांनी डॉक्टरांना विचारून करावा.

८. घरच्यांना काय सांगायचं

झोपेत चालणाऱ्याला उठवलं की तो मरतो किंवा वेडा होतो, हे खरं नाही. पण गदागदा हलवून, ओरडून उठवलं तर तो गोंधळतो, घाबरून ढकलूही शकतो. शांत आवाजात "चल, झोपू या" म्हणत दंडाला हलका हात लावून पलंगाकडे वळवायचं. नंतर फक्त वेळ लिहून ठेवायची. रात्रभर पहारा कोणी द्यायचा नाही, त्यांचीही झोप महत्त्वाची आहे.

९. डॉक्टरकडे जाताना

स्लीप स्पेशालिस्ट असा बोर्ड सगळीकडे नसतो. आपल्याकडे झोपेची लॅब बऱ्याचदा छातीच्या विकारांच्या विभागात असते, कुठे न्यूरोलॉजीत, कुठे मानसोपचार किंवा कान-नाक-घशाच्या विभागात. फोन करून एकच विचारा, व्हिडिओसह रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी (झोपेत मेंदूच्या लहरी, श्वास, हालचाल नोंदवणारी तपासणी) होते का. घरी लावायचं छोटं मशीन श्वास अडकतो का ते सांगतं, झोपेत चालण्याच्या निदानाला ते पुरत नाही.

सोबत न्यायचं:

- वहीचा एका पानावर सारांश: किती रात्री नजर होती, किती प्रकार, दर्जा, झोपल्यावर किती मिनिटांनी
- फोनमध्ये दोन-तीन क्लिप, त्यातली एक सुरुवातीपासून शेवटपर्यंतची
- चालू औषधांची यादी, प्रिस्क्रिप्शनसकट, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून आपणहून आणलेलीही
- जुने रिपोर्ट, डोक्याला मार लागला असेल तर त्याचे कागद
- घराण्यात कोणाला आहे ते
- रात्री तुम्हाला बघणारा माणूस, तो स्वतः आला तर सगळ्यात उत्तम

लॅबमधल्या एका रात्रीत प्रकार घडेलच असं नाही, न घडल्यामुळे खर्च वाया गेला असं समजू नका, झोपेतले अर्धवट उठण्याचे झटके आणि श्वासाचे अडथळे त्यात दिसतात. घरची क्लिप तेव्हा फार कामाला येते.

पुढचं काही दिसलं तर वही पूर्ण व्हायची वाट न बघता जा: घराबाहेर गेलात किंवा कोणाला लागलं, चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, पहाटेकडे स्वप्नातली मारामारी हातापायांनी करता आणि उठल्यावर स्वप्न आठवतं, हा वेगळा आजार असू शकतो, किंवा प्रत्येक क्लिपमध्ये अगदी तीच हालचाल, मिनिटभराच्या आत, एका रात्रीत अनेकदा, जीभ चावली जाणं, अंथरूण ओलं होणं, यात फिट्सची तपासणी लागते.

१०. प्रवास आणि मोजणं थांबवणं

ट्रेनमध्ये खालचा बर्थ, सोबत्याला कल्पना, शक्य असेल तर दिवसाची गाडी. हॉटेलात खालचा मजला मागा आणि दाराच्या हँडलला दोरा. परदेशी मुलाकडे जाणार असाल तर वेळ बदलल्याने पहिला आठवडा झोप विस्कटते, त्या रात्री वहीत वेगळ्या शाईने लिहा, नेहमीच्या हिशोबात मिसळू नका.

डॉक्टरांचं निदान झालं, कारण सापडलं आणि तीन-चार महिने दर्जा तीन-चारचा प्रकार नाही, मग रोजचा कॅमेरा काढून टाका. वही आठवड्याला एक ओळ इतकी कमी करा. बाल्कनीची कडी आणि किल्ल्यांची व्यवस्था मात्र तशीच ठेवा, आणि ताप किंवा जागरणाचे दिवस आले की पुन्हा रोज लिहायला लागा.